नागपूरच्या उन्हाळ्यात कॉफी कशात ठेवता? डबा सुचवा

संत्रीपरी
नमस्कार मंडळी. प्रतापनगरला राहते. आमच्याकडे दोन प्रकारची कॉफी असते, सासूबाईंना इन्स्टंट लागते आणि आम्ही दोघं बिया आणून छोट्या हँड ग्राइंडरवर दळून घेतो. तर झालं असं की भर मे महिन्यात, बाहेर पारा ४५ च्या वर, हवा इतकी कोरडी ठाक की धुतलेली चादर बघता बघता वाळते, आणि अशात इन्स्टंटच्या बाटलीत चक्क कडक गोळा झाला, चमचा आत जाईना. पावसाळ्यात झालं असतं तर समजले असते पण मे मध्ये काय?? आणि बियांचं वेगळंच, पाकीट फोडलं की सुरुवातीला स्वयंपाकघर भरून वास येतो आणि मग थोड्याच दिवसांत नुसतं कडू पाणी पितोय असं वाटतं. सध्या बिया काचेच्या बरणीत ओट्यावर आहेत, इन्स्टंट तिच्याच बाटलीत. आता नवीन काहीतरी घ्यायचंय. स्टीलचा डबा, क्लिपवाली काचेची बरणी की तो पंपवाला व्हॅक्यूम डबा? पैसे लागले तर लागू देत पण खरंच फरक पडतो का ते वापरणाऱ्यांनी सांगा प्लीज.

धरमपेठकर
ताई आधी एक सांगा, कूलर कुठे लावलाय?

संत्रीपरी
हॉलच्या खिडकीला. किचन ओपन आहे, हवा सरळ ओट्यापर्यंत येते. का हो?

रसायनवाला
धरमपेठकर भाऊंनी बरोबर नस पकडली. कूलर हवा गार करतो तीच मुळी पाण्याची वाफ करून, त्यामुळे बाहेर कितीही कोरडं असो, कूलर चालू असलेल्या घरातली हवा दमटच असते. एसीचं उलटं, तो हवेतली ओल काढून टाकतो. म्हणून एकाच गल्लीत एसीवाल्या घरात मीठ मोकळं राहतं आणि कूलरवाल्या घरात ओलं होतं. इन्स्टंट कॉफी म्हणजे कॉफीचा अर्क काढून त्यातलं पाणी उडवून उरलेली पूड, तिला जरा ओल मिळाली की ती ओढून घेते आणि दाण्याला दाणा चिकटतो. बाटली दिवसातून जितक्या वेळा उघडणार, आणि उकळत्या दुधाच्या वाफेवर उघडी धरून चमचा घालणार, तितकी ओल आत. बाटलीच्या तोंडावरचा कागद फाडल्यावर नुसतं प्लास्टिकचं झाकण उरतं, कूलरसमोर ते पुरत नाही.

बियांचं दुखणं वेगळं आहे. ओल त्यांनाही नको, पण त्यांना जास्त मारतो तो ऑक्सिजन. भाजलेल्या बीमध्ये तेल असतं, शेंगदाणे किंवा खोबरं जसं खवट होतं तसंच ते तेल हवेने खवट होतं, आणि वासाची जी द्रव्यं आहेत ती काही उडून जातात काही हवेशी मिसळून बदलतात. यात उष्णता भर घालते. साधारण १० अंश तापमान वाढलं की अशा क्रियांचा वेग दुपटीच्या आसपास जातो असा एक ढोबळ नियम आहे. आता बघा, पाकिटावर जे लिहितात की उघडल्यावर महिनाभरात संपवा, ते लिहिणारा २०–२५ अंशांचं घर डोळ्यासमोर ठेवून लिहितो. आपल्या स्वयंपाकघरात मे महिन्यात दुपारी ३८–४० सहज असतं. म्हणजे महिन्याची मुदत इथे पंधरवड्याचीही राहत नाही. पाकिटावर "थंड व कोरड्या जागी ठेवा" लिहिलेलं असतं, आता नागपुरात मे मध्ये गार जागा हवी तर कूलरसमोर, आणि कोरडी हवी तर गच्चीवर, एकाच ठिकाणी दोन्ही मिळत नाही. आपला खरा प्रश्न हा आहे, डब्याचा ब्रँड नंतर.

त्यामुळे माझं म्हणणं, डबा घ्याच पण त्याआधी खरेदी कमी करा. पाव किलोचं पाकीट एकदम फोडू नका. चांगल्यात चांगला डबा कॉफी शिळी होणं लांबवतो, थांबवत नाही.

धरमपेठकर
+१. आणि ती काचेची बरणी ओट्यावरून आजच उचला. उजेडानेही कॉफी खराब होते, शिवाय गॅसची धग. फ्रीजच्या वरही नको, तिथे कायम गरम असतं. पश्चिमेच्या भिंतीवरचं कपाट तर उन्हाळ्यात भट्टी. सगळ्यात आतल्या खोलीत, खालच्या फळीवर, दाराआड.

मीनाकाकू
आणि माठाशेजारीही ठेवू नका गं. गार असतं म्हणून बऱ्याच जणी ठेवतात पण तिथे ओल असते.

इतवारी_भांडेवाले
आमचं इतवारीत भांड्यांचं दुकान आहे, आजोबांपासून, म्हणून डब्यांबद्दल लिहितो, कॉफीतलं मला एवढं कळत नाही, आमच्याकडे चहा असतो.

लोक येतात, हवाबंद डबा द्या म्हणतात, आणि साधा स्टीलचा गोल डबा घेऊन जातात. त्याचं झाकण नुसतं वर बसतं जी, हवा अडवत नाही. रवा, डाळ, लाडू ठीक आहे. वास टिकवायचा तर झाकणात वायसर पायजेच. फिरकीचं झाकण असलं तर आटे खोल पायजेत, दोन अडीच फेरे तरी बसले पायजेत, अर्ध्या फेऱ्यात बंद होणारं झाकण चार महिन्यांत ढिलं पडते. वायसर सिलिकॉनचा पहा. काळ्या रबराला स्वतःचा वास असतो आणि आपल्याकडच्या गर्मीत ते वाळून तडकते.

काचेची क्लिपवाली बरणी दिसायला मस्त, नवी असते तोवर झाकण घट्ट, पण तारेचा ताण हळूहळू कमी होतो. घ्यायचीच असेल तर अशी घ्या जिचा वायसर वेगळा विकत भेटते. नाहीतर पुढच्या उन्हाळ्यात फेकून राहिले तुम्ही.

चिनी मातीची बरणी काहून घेता कॉफीसाठी ते मला समजत नाही, लोक हौसेने नेतात. उजेड येत नाही, आतून गार राहते, सगळं खरं, पण झाकण नुसतं टेकलेलं असते. लोणच्याला वरून तेलाचा थर असते आणि तोंडाला फडकं बांधतो आपण, म्हणून ते टिकते. कॉफीला कुठला तेलाचा थर.

प्लास्टिक हलकं आहे, स्वस्त आहे, झाकणंही बरी बसतात, पण वास धरून ठेवते. ज्या डब्यात एकदा सावजी मसाला भरला त्यात दुसरं काही भरायचं नाही हे सगळ्या बायकांना माहीत आहे.

मीनाकाकू
डबा हवाबंद आहे का ते दुकानात कळत नाही, घरी आणल्यावर बघायचं. मूठभर मुरमुरे टाका, झाकण लावा आणि रात्रभर कूलरसमोर ठेवा. सकाळी कुरकुरीत असले तर डबा पास. सादळले तर त्यात तांदूळ भरा, कॉफी नको. पावसाळ्यात कूलर नसला तरी चालतो, जून संपता संपता हवाच तेवढी दमट होते.

रसायनवाला
काकू, फार चांगली परीक्षा आहे, आणि बिनखर्चाची. ज्यांना लगेच बघायचंय त्यांनी रिकामा डबा बंद करून कोमट पाण्याच्या बादलीत पूर्ण बुडवून धरावा. आतली हवा तापून फुगते आणि कुठे फट असेल तर तिथून बुडबुडे येतात. नंतर डबा आणि वायसर दोन्ही नीट वाळवा, वायसरच्या खाचेत पाणी राहतं.

खवय्या_सदर
एवढं सगळं करण्यापेक्षा फ्रीजमध्ये ठेवा ना. आम्ही इतकी वर्षं ठेवतो, काही होत नाही.

फिल्टरवाला
खवय्या दादा, थोडं असहमत. मी अजनीच्या रेल्वे क्वार्टरमध्ये वाढलो, घरी तमिळ, बाहेर मराठी, आता नोकरीसाठी बेंगळुरूला आहे. आमच्याकडे कॉफी हा सकाळचा पहिला विषय असतो त्यामुळे जरा मोठं लिहितोय.

रोज उघडायचा डबा फ्रीजमध्ये ठेवला की काय होतं, गार डबा बाहेर काढला, उघडला, आणि कूलरच्या दमट खोलीतली हवा त्या गार बियांवर बसली. माठाला बाहेरून पाणी सुटतं ते माठ झिरपतो म्हणून, पण फ्रीजमधल्या बाटलीला बाहेरून जे पाणी सुटतं ना, ते हवेतलं. तेच बियांवर, फक्त डोळ्यांना दिसत नाही. रोज दोन वेळा हे होणार. शिवाय कॉफी आजूबाजूचे वास ओढते, म्हणून तर लोक फ्रीजचा वास घालवायला कॉफीची पूड वाटीत ठेवतात. मग आदल्या रात्रीचा रस्सा आत असेल तर विचार करा.

फ्रीझर मात्र वेगळी गोष्ट आहे, ते नीट केलं तर फार उपयोगी, खास करून नागपूरला. पद्धत अशी की पाकीट आल्या आल्या आठवडाभराच्या वापराइतक्या पुड्या करायच्या, जाड झिप पाऊचमध्ये, हवा दाबून काढून, आणि मग फ्रीझरमध्ये. एक पुडी काढली की ती न उघडता बाहेर ठेवायची, पूर्ण साध्या तापमानाला येऊ द्यायची, बाहेरचं पाणी पुसायचं आणि मगच फोडायची. ती पुडी परत फ्रीझरमध्ये जाणार नाही. बस इतकंच पाळायचं. दळलेल्या पुडीलाही हे चालतं.

कोणाला घाई असेल तर गोठलेल्या बिया एका कपापुरत्या मोजून लगेच दळल्या तरी चालतात, उलट २०१६ साली सायंटिफिक रिपोर्ट्स या नियतकालिकात आलेल्या संशोधनात गार बिया दळल्या तर पूड जास्त बारीक आणि एकसारखी पडते असं दिसलं होतं. पण बाकीची पुडी उघडी ठेवून गप्पा मारत बसायचं नाही.

खवय्या_सदर
हे पटतंय. मी न फोडलेलं पाकीट फ्रीजमध्ये ठेवतो त्याला हरकत नाही ना मग?

फिल्टरवाला
अजिबात नाही. सीलबंद पाकीट ४० अंशांच्या कपाटात पडण्यापेक्षा फ्रीजमध्ये कधीही बरं. फक्त फोडण्याआधी बाहेर काढून ठेवा, आणि फोडल्यावर परत आत नको.

वर्धारोड_नवखी
मी आताच बिया आणायला लागलेय म्हणून बेसिक प्रश्न. पाकिटाला ते बारीक भोक असतं, त्यातून वास येतो. ते भोक असल्यावर हवा आत जात नाही का? मी त्यावर सेलोटेप लावला होता.

रसायनवाला
टेप काढून टाका. ती एकतर्फी झडप आहे, आतला वायू बाहेर जातो, बाहेरची हवा आत येत नाही. बिया भाजताना आत कार्बन डायऑक्साइड तयार होतो आणि तो भाजल्यानंतर कित्येक दिवस हळूहळू बाहेर पडत राहतो. झडप नसती तर पाकीट फुगून फुटलं असतं. ताज्या कॉफीवर गरम पाणी ओतल्यावर फेस येऊन ती वर येते ना, तो हाच वायू. फेस येणं बंद झालं की समजा बिया उतरल्या.

यातूनच दुसरी गोष्ट निघते. अगदी ताज्या भाजलेल्या बिया लगेच काचेच्या घट्ट बरणीत भरू नका, त्यांना पहिले काही दिवस त्यांच्या पाकिटातच राहू द्या. खरं तर झडपेचं आणि झिपचं पाकीट चांगलं असेल तर बिया बाहेर काढायचीच गरज नाही. हवा दाबून काढा, झिप लावा, वरून गुंडाळी करून क्लिप लावा, आणि ते पाकीटच स्टीलच्या वायसरवाल्या डब्यात ठेवा. बी संपत जाते तसं पाकीट लहान होतं, आत रिकामी जागा राहत नाही. डब्यात सुट्या बिया असतील तर अर्धा डबा संपल्यावर अर्धा डबा हवा असते, आणि हवेत एक पंचमांश ऑक्सिजन.

संत्रीपरी
अरे वा हे तर मी केलंच नव्हतं, पाकिटं टाकून देत होते. मग तो व्हॅक्यूमवाला डबा घेऊ की नको??

धरमपेठकर
माझ्याकडे आहे म्हणून सांगतो. दोन जाती आहेत. एका जातीत आतलं झाकण खाली दाबत बियांपर्यंत न्यायचं, हवा झडपेतून बाहेर जाते, एअरस्केप हा त्यातला प्रसिद्ध. दुसऱ्यात झाकण फिरवून किंवा पंप मारून हवा ओढून काढायची, फेलो कंपनीचा अॅटमॉस तसा आहे. माझं मत पहिल्याच्या बाजूने, कारण तो डबा अर्धा झाला तरी झाकण बियांवर टेकतं, रिकामी जागाच उरत नाही. पंपवाला रोज प्रत्येक वेळी फिरवावा लागतो आणि घरातल्या प्रत्येकाने तो फिरवला तरच उपयोग. आमच्या घरी मी फिरवतो, बाकीचे नुसतं टेकवतात.

आणि एक, पंपवाल्यात ताज्या बिया ठेवल्या की सकाळी झाकण ढिलं झालेलं दिसतं, लोक समजतात डबा खराब निघाला. रसायनवाला म्हणतात तो वायू आत सुटत असतो, त्याने ताण उतरतो.

संत्रीपरी
किती मोठा घ्यायचा? बाजारात एक लिटर, दोन लिटर असे दिसतात.

धरमपेठकर
पाव किलो बियांना साधारण पाऊण लिटर लागतो, डार्क रोस्ट, म्हणजे जास्त भाजलेल्या, बिया जरा जास्त जागा घेतात कारण त्या फुगलेल्या आणि हलक्या असतात. दोन लिटरचा घेऊन तळाशी मूठभर बिया ठेवण्यात काही अर्थ नाही. मोठ्या एका डब्यापेक्षा लहान दोन घ्या, एक रोजचा, एक बंद.

मेळघाटप्रेमी
विषय चाललाच आहे तर, कॉफी आपल्याच विदर्भात होते हे किती जणांना माहीत आहे? चिखलदऱ्याला, साधारण हजार मीटरच्या वर, इंग्रजांच्या काळापासून कॉफीची झाडं आहेत. तिकडे गेलात तर आणा. फक्त मला एक शंका आहे. मान्सून्ड मलबार म्हणून जी कॉफी मिळते ती तर मुद्दाम पावसाळी हवेत ठेवतात म्हणे. मग ओलीने कॉफी खराब होते कशी?

फिल्टरवाला
मस्त प्रश्न. ते कच्च्या, न भाजलेल्या बियांचं आहे. पश्चिम किनाऱ्यावर पावसाळ्याच्या दमट वाऱ्यात, उघड्या बाजूंच्या गोदामांत कच्ची बी पसरतात, हलवत राहतात, ती फुगते, रंग पिवळट होतो, आंबटपणा कमी होतो. मग ती वाळवून, निवडून भाजायला जाते. भाजल्यानंतर मात्र तिलाही आपल्या बाकी बियांसारखंच जपायला लागतं. कच्ची बी थंड कोरड्या जागी महिनोन्‌महिने राहते, भाजली की घड्याळ सुरू.

मेळघाटप्रेमी
समजलं, धन्यवाद. म्हणजे चिखलदऱ्याहून आणताना भाजलेली आहे का आणि कधी भाजली ते विचारायचं.

फिल्टरवाला
हो, आणि सगळीकडेच विचारा. पाकिटावर रोस्ट डेट नसेल, नुसती बेस्ट बिफोर असेल, तर ती कॉफी किती जुनी आहे ते समजायला मार्ग नाही. ऑनलाइन मागवत असाल तर एप्रिल मे मध्ये कमी मागवा, कर्नाटकातून नागपूरपर्यंत येताना पाकीट गाडीत आणि गोदामात किती तापतं ते आपल्या हातात नाही.

अंबाझरी_आई
आमच्याकडे फिल्टर कॉफीची पूड असते, चिकोरीवाली (भाजलेल्या मुळाची पूड मिसळलेली), दुकानातून दळून आणतो. तिला काय करायचं? सिलिका जेलची पुडी टाकली तर चालते का? सासूबाई तांदूळ टाकतात.

फिल्टरवाला
ताई, पूड सगळ्यात नाजूक. बी दळली की हवा लागणारा पृष्ठभाग कितीतरी पटीने वाढतो, जे बियांना आठवड्यांत होतं ते पुडीला काही दिवसांत. आमची आई एका वेळी १०० ग्रॅमच आणायची आणि तेही ज्या दुकानात गर्दी असते तिथून, कारण तिथे माल पडून राहत नाही. चिकोरीही ओल पटकन ओढते, म्हणून चिकोरी जास्त असलेली पूड पावसाळ्यात लवकर चिकट होते. आपल्याकडच्या नियमाप्रमाणे कॉफी चिकोरी मिश्रणात किमान ५१ टक्के कॉफी असावी लागते आणि प्रमाण पाकिटावर छापावं लागतं, ते वाचून घ्या.

लहान स्टीलचा वायसरवाला डबा घ्या, चमचा कोरडाच घाला पण आत ठेवू नका, आणि नवीन पूड जुन्या पुडीवर ओतू नका. जुनी संपवा, डबा धुवा, मग नवीन.

रसायनवाला
सिलिका जेल फक्त ओल ओढतं, ऑक्सिजन नाही. त्यामुळे इन्स्टंटच्या डब्यात खाद्यपदार्थांसाठीची पुडी चालेल, बियांना फारसा उपयोग नाही. बुटांच्या खोक्यातली मात्र नको. तांदळाचे दाणे मिठाच्या बाटलीत ठीक, कॉफीच्या पुडीत टाकले तर फिल्टरमध्ये जातात आणि फायदा नगण्य. ऑक्सिजन ओढणाऱ्या लोखंडाच्या भुकटीच्या पुड्याही मिळतात, पण डबा दोन चार वेळा उघडला की त्या संपतात, त्या बंद साठवणीसाठी आहेत, रोजच्या डब्यासाठी नाहीत.

आणि संत्रीपरी ताई, त्या गोळा झालेल्या इन्स्टंटबद्दल, गोळा कोरडा असेल आणि वास ठीक असेल तर फोडून वापरायला धोका नाही, चव थोडी उतरलेली असेल. पण चिकट काळपट झाली असेल किंवा कुठे पांढरी हिरवी बुरशी दिसली तर वरचं काढून खालचं वापरू नका, सगळी फेका.

संत्रीपरी
कोरडाच आहे, सासूबाईंनी बत्त्याने फोडून वापरायला घेतला पण. तर माझं आता असं ठरतंय, इन्स्टंटची मोठी बाटली बंद, ५० ग्रॅमची लहान आणायची आणि ती स्टीलच्या डब्यात बाटलीसकट. बिया पाकिटासकट दुसऱ्या डब्यात, आतल्या खोलीतल्या कपाटात. जास्तीच्या पुड्या करून फ्रीझरला. व्हॅक्यूम डबा दिवाळीपर्यंत बघू. एकच राहिलं, घरात वायसरवाले दोन स्टीलचे डबे आहेत पण एकात गोडा मसाला होता आणि दुसऱ्याचा वायसर सैल झालाय. वापरता येतील का?

मीनाकाकू
मसाल्याचा धुऊन घे गं. गरम पाणी आणि खायचा सोडा घालून रात्रभर भिजत ठेव, वायसर काढून वेगळा भिजव, वास सगळा त्याच्यातच बसतो. मग कडकडीत उन्हात डबा दिवसभर उघडा. वायसर मात्र सावलीत वाळव. संध्याकाळी नाक घालून बघ, अजून मसाला येत असेल तर वायसरच बदल.

इतवारी_भांडेवाले
दोन्हीचे वायसर बदला ताई, डबे चांगले असतील तर नवे कशाला घेता. इतवारीत भेटतात सुटे. येताना झाकण सोबत आणा, नुसता फोटो दाखवून माप सापडत नाही.